अभयारण्यातल्या रस्त्याला विरोध करण्याआधी त्याचं अंदाजपत्रक वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरहून दीडेक तासावर एक अभयारण्य आहे. त्यातून जाणारा साडेआठ किलोमीटरचा कच्चा रस्ता आता रुंद आणि डांबरी होणार आहे. कडेला चुन्याच्या खुणा पडल्यात, झाडांवर आकडे आलेत. विचारणारे आणि त्यांचे पाच-सहा मित्र हौशी पक्षीनिरीक्षक आहेत. त्यांनी ऑनलाइन सह्या गोळा केल्या, आमदारांना निवेदन दिलं. यातून झालं एवढंच, की त्या वाटेवरचं गाव त्यांच्यावर चिडलं. 'तुमाले इतवारी वाघ पाहाचा हाये, आमाले दवाखान्यात जाचं हाये,' असं त्यांना तोंडावर ऐकवलं गेलं. आता पुढं काय करावं, सरळ हायकोर्टात जावं का, असं ते विचारतात. अभयारण्याचं नाव त्यांनी लिहिलेलं नाही आणि मीही अंदाज करत बसत नाही.

मी वनखात्यातला नाही आणि वकीलही नाही. माझी सगळी नोकरी रस्ते बांधणाऱ्यांच्या बाजूची, विदर्भातच झाली: मोजणी, आखणी, अंदाजपत्रकं. निवृत्तीनंतर अशा प्रस्तावांच्या फायली लोकांना वाचून दाखवतो. त्यामुळे वाघाबद्दल माझ्यापेक्षा जास्त सांगणारे नागपुरात गल्लोगल्ली भेटतील. रस्त्याची फाईल कशी तयार होते आणि कुठं कच्ची राहते, तेवढं मी सांगू शकतो.

'रस्ता कसा थांबवायचा' या तुमच्या प्रश्नात मला दोन रस्ते एकमेकांत गुंतलेले दिसतात. एक गावाचा: पावसाळ्यात नाला ओलांडून माणसाला दवाखान्यापर्यंत नेणारा. दुसरा आरपारचा: अभयारण्याच्या या टोकाचा मार्ग त्या टोकाच्या महामार्गाला जोडणारा. प्रस्तावात दोन्ही एकाच रेषेवर असतात, आणि पहिल्याचं नाव पुढं करून दुसरा बांधला जातो. तुम्ही सरसकट 'रस्ता नको' म्हणालात की गाव आणि ठेकेदार एका बाजूला उभे राहतात. हे दोन रस्ते वेगळे करून दाखवणं हे तुमचं पहिलं काम. ते भाषणानं होत नाही, अंदाजपत्रकानं होतं.

कसं ते सांगतो. गावाला जोडणाऱ्या रस्त्याचा डांबरी पट्टा साधारण पावणेचार मीटरचा असतो, वर्दळ अगदीच कमी असेल तर तीन मीटरचाही चालतो. साडेपाच मीटर धरला असेल तर दोन गाड्या फारसा वेग न कमी करता एकमेकींना ओलांडतात. सात मीटर म्हणजे पूर्ण दुपदरी रस्ता. आडवा छेद नावाचं एक पान प्रत्येक अंदाजपत्रकाला जोडलेलं असतं, त्यात हा आकडा सरळ लिहिलेला असतो. त्याच पानावर थरांची जाडी असते: मुरूम किती, खडी किती, डांबराचे थर किती. ही जाडी ठरते ती रस्त्यावरून किती आणि किती जड वाहनं जाणार या गृहीतावर. दोनशे उंबऱ्यांच्या गावासाठी ट्रॅक्टर, ऑटो, एसटी आणि अँब्युलन्स एवढंच लागतं. तिथं जाड थर दाखवले असतील, तर कोणीतरी टिप्पर मनात धरून हिशेब केलेला आहे. आपल्या भागात कोळसा आहे, मॅंगनीज आहे, वैनगंगा-कन्हानची रेती आहे. या सगळ्यांना दहा-वीस किलोमीटर वाचवणारा फाटा नेहमीच हवा असतो. 'ग्रामस्थांची सोय' असं फाईलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं, पण थरांची जाडी वेगळंच सांगते.

अजून एक पान मागा: लीडचा तक्ता. माल कुठून किती अंतरावरून आणायचा, ते त्यात असतं. मुरमासमोर अगदीच कमी अंतर लिहिलं असेल आणि आजूबाजूला सगळं जंगलच असेल, तर मुरूम त्याच जंगलातून खोदला जाणार हे उघड आहे. रस्त्याला जेवढी जमीन जाते, तिच्याशिवाय हे खड्डे, मजुरांचा तळ आणि डांबर प्लांट यांची जागा प्रस्तावात बहुतेकदा कुठेच मोजलेली नसते. ही उणीव दाखवली की अधिकारी दचकतात, कारण ती भावनेची बाब नसते.

आता ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकतो. त्यांची उत्तरं मिळाल्याशिवाय विरोध करायचा की नाही हेसुद्धा ठरवू नका.

पहिली गोष्ट, हा रस्ता कागदावर आहे का? जिल्ह्याच्या रस्ते विकास योजनेत, म्हणजे १९८१ ते २००१ आणि २००१ ते २०२१ या आराखड्यांत, त्याला ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग म्हणून क्रमांक आहे का? अभयारण्याची अधिसूचना निघण्याआधीपासून तो सार्वजनिक रस्ता होता, की वनखात्यानं गस्तीसाठी आणि जाळरेषेसाठी (वणवा अडवायला साफ केलेल्या पट्ट्यासाठी) काढलेली वाट लोक वापरू लागले? जुना सार्वजनिक रस्ता असेल तर लोकांचा जाण्यायेण्याचा हक्क खरा आहे आणि तो तुम्ही मान्यच करायला हवा. मात्र वहिवाटीच्या हक्कातून रुंदीकरणाचा हक्क आपोआप निघत नाही. हा फरक बैठकीत पुन्हा पुन्हा सांगावा लागतो.

दुसरी गोष्ट हद्दीची. रस्ता खरोखर अभयारण्यात आहे, की त्याच्या कडेच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात, की व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतालच्या पट्ट्यात, की दोन जंगलांमधल्या प्राण्यांच्या भ्रमणमार्गात? चारही ठिकाणी कायद्याची वाट वेगळी आहे. अधिसूचनेच्या परिशिष्टात कक्ष क्रमांक आणि गट क्रमांक दिलेले असतात. रस्त्याची साखळी, म्हणजे शून्य किलोमीटरपासूनची मोजणी, त्या कक्षांवर बसवून बघा. निम्मा रस्ता हद्दीबाहेर निघाला असं मी पाहिलेलं आहे, आणि हद्दीबाहेर म्हणून दाखवलेला रस्ता आत निघाला असंही.

तिसरी गोष्ट, गाव कुठं आहे? ते अभयारण्याच्या आतच असेल, रस्ता जुनाच असेल, आणि काम फक्त आहे त्या रुंदीत दुरुस्तीचं असेल, तर माझा सल्ला सरळ आहे: विरोध करू नका. रात्रीचं फाटक, गतिरोधक, जड वाहनांना बंदी एवढ्या अटी मागा आणि गावाबरोबर उभे राहा. गाव बाहेर असेल आणि आतला रस्ता फक्त जवळचा म्हणून हवा असेल, तर चित्र पार बदलतं.

हे सगळं बाहेर काढायला नागपूरसारखी सोयीची जागा नाही. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय मुंबईत नाही, इथंच वन भवनात आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं प्रादेशिक कार्यालय आणि हायकोर्टाचं खंडपीठही सिव्हिल लाइन्समध्येच. गडचिरोली-मेळघाटच्या माणसाला यासाठी बसनं अर्धा दिवस घालवावा लागतो. तुम्हाला दुपारच्या सुट्टीत जमेल. प्रस्ताव दाखल झाला असेल तर केंद्राच्या वन-पर्यावरण मंजुऱ्यांच्या 'परिवेश' पोर्टलवर तो दिसतो, नकाशा आणि वनाधिकाऱ्यांचे अभिप्रायसुद्धा तिथं मिळतात. दिसत नसेल तर एक तर अर्जच झालेला नाही, किंवा तो दुसऱ्या नावानं झाला आहे. गावाच्या, योजनेच्या, तालुक्याच्या नावानं शोधून बघा. उरलेलं माहिती अधिकारातून काढा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, तेव्हा तीन कार्यालयांना तीन छोटे अर्ज करा. रस्ता बांधणाऱ्या विभागाकडे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक आणि कार्यारंभ आदेश मागा. वनखात्याकडे त्या कामाबद्दलचा पत्रव्यवहार. ग्रामपंचायतीकडे ग्रामसभेचे ठराव. शक्य असेल तिथं नकलांऐवजी फाईल पाहण्याची मागणी करा, कारण खरी मजा टिपणीच्या पानांवर असते. 'वनखात्याचे नाहरकत प्रमाणपत्र घेण्याच्या अटीवर' असं शाखा अभियंत्यानं लिहून ठेवलेलं असतं आणि पुढं त्या अटीचं काय झालं ते कोणीच विचारलेलं नसतं.

झाडांवरच्या आकड्यांनी मात्र घाबरू नका. प्रस्ताव करतानाच झाडांची मोजणी लागते, त्यामुळे आकडा म्हणजे तोडीची परवानगी नव्हे. खोडाची साल काढून वनखात्याचा हातोडा, म्हणजे तोडीच्या खुणेचा शिक्का, मारला असेल तर गोष्ट पुढं गेलेली आहे. तरीही एक धोका लक्षात ठेवा: रस्त्यासारख्या लांबट प्रकल्पांना वनजमिनीची तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि पैसे भरले, की अंतिम मंजुरीआधीच झाडं तोडून काम सुरू करण्याची परवानगी देता येते. अभयारण्यात त्याच्या जोडीला वन्यजीव मंजुरीही लागते. पण घाईगर्दीत ती कोणी विचारेलच असं नाही, तुम्ही विचारलीत तर विचारली.

कायद्याकडे येतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधलं कलम २९ तुमचा मुख्य आधार आहे. अभयारण्यातला अधिवास नष्ट करणं, त्याला इजा करणं किंवा तो दुसऱ्या कामाकडे वळवणं मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय करता येत नाही. आणि तो परवाना कधी द्यायचा? ते काम तिथल्या वन्यजीवांच्या सुधारणेसाठी आणि चांगल्या व्यवस्थापनासाठी आवश्यक आहे अशी राज्य सरकारची, राज्य वन्यजीव मंडळाशी विचारविनिमय करून, खात्री पटली तरच. पाण्याचा प्रवाह अडवणं किंवा वळवणं हेही त्याच कलमात येतं, म्हणजे रस्त्याचा भराव आणि चुकीच्या जागी टाकलेली मोरीसुद्धा. डांबरी रस्ता सांबराच्या भल्यासाठी कसा, याचं उत्तर देणं कोणालाही अवघड आहे. व्यवहारात मात्र अशा मंजुऱ्या मिळतात, अटी घालून मिळतात, हेही तुम्हाला माहीत असावं. प्रस्ताव विभागीय वनाधिकाऱ्यांकडून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे, तिथून मुख्यमंत्री अध्यक्ष असलेल्या राज्य वन्यजीव मंडळाकडे, आणि शेवटी केंद्रीय मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय मंडळाच्या स्थायी समितीकडे जातो. या साखळीत तुमच्या अर्जाला सगळ्यात जास्त किंमत आहे ती पहिल्या दोन पायऱ्यांवर, जागेची पाहणी होते तेव्हा. वरच्या बैठकीत एका दिवसात कितीतरी प्रस्ताव असतात, तिथं खालच्या अहवालाबाहेरचं काही पोचत नाही.

रस्ता व्याघ्र प्रकल्पात किंवा दोन व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या पट्ट्यात असेल, तर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला आणि राष्ट्रीय मंडळाची मंजुरी कलम ३८ओ प्रमाणे लागते. शिवाय वनजमीन वळवायला १९८० चा वन कायदा आहेच. २०२३ च्या दुरुस्तीनं त्यात काही सवलती आल्या आहेत, त्या तुमच्या रस्त्याला लागू असल्याचं कोणी सांगितलं तर कुठल्या पोटकलमानं ते लेखी मागा.

इथं एक पळवाट हमखास वापरली जाते. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली गावाच्या सोयींसाठी, त्यात रस्ताही येतो, ग्रामसभेच्या शिफारशीनं वनजमीन देता येते. अट अशी की प्रत्येक बाबतीत जमीन एक हेक्टरपेक्षा कमी आणि तोड हेक्टरी पंचाहत्तर झाडांपेक्षा जास्त नको. तुमचे साडेआठ किलोमीटर गुणिले साडेपाच मीटर केले तर सुमारे ४.७ हेक्टर होतात, तेही बाजूपट्ट्या न धरता. मग काय करतात? रस्त्याचे तुकडे पाडतात: 'अमुक ते तमुक नाला', 'तमुक नाला ते फाटा'. प्रत्येक तुकडा एक हेक्टरच्या आत. निविदांची नावं एकापुढं एक ठेवून साखळी क्रमांक जुळवून बघा, शेवट आणि सुरुवात एकमेकांना चिकटलेली दिसली की तोच मुद्दा. शिवाय हे कलम १९८० च्या वन कायद्यापुरती सूट देतं, वन्यजीव कायद्यापासून नाही.

आणखी एक, तुमच्यासारख्या लहान रस्त्याला पर्यावरण मंजुरीची जनसुनावणी होणारच नाही. २००६ ची अधिसूचना राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपुरती आहे. म्हणजे तुम्हाला विचारायला कोणी येणार नाही, तुम्हालाच जावं लागेल.

गावाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमची खरी अडचण तिथंच आहे. अभयारण्याच्या कडेच्या गावाचा राग फक्त रस्त्याचा नसतो. रानडुकरांनी धान लोळवलेलं असतं, भरपाईचे पैसे उशिरा येतात, मोहफूल-तेंदूला आत जायला मनाई असते, गुरं वाघानं नेलेली असतात. तुम्ही दुर्बीण गळ्यात घालून गेलात की हा सगळा हिशेब तुमच्याकडे मागितला जातो. म्हणून पहिल्या भेटीत रस्त्याचा विषय काढू नका, आणि रविवारी तर जाऊच नका. साधे प्रश्न विचारा. पावसाळ्यात रस्ता नक्की कुठं बंद पडतो? १०८ ची गाडी कुठपर्यंत येते? पोरं कोणत्या शाळेत जातात, कोणत्या बसनं? रेशनचं धान्य कुठून येतं? बाजार कोणत्या गावचा?

माझा अनुभव असा की उत्तरं एकदोन ठिकाणी येऊन थांबतात. एक नाला, त्याच्यावर वाहून गेलेला रपटा, आणि बंद झालेली एसटीची फेरी. साडेआठ किलोमीटरपैकी माणसं खरी अडतात ती दीडदोनशे मीटरमध्ये. तिथं उंच रपटा किंवा छोटा पूल, चढावर खडीकरण, बाकी आहे त्याच रुंदीत मुरूम टाकून दबाई: एवढ्यात बारमाही वाट होते. खर्च पूर्ण डांबरीकरणाच्या कितीतरी आत राहतो आणि गाडीचा वेगही वाढत नाही. किंवा अभयारण्याला वळसा घालणारा बाहेरचा रस्ता असतो, फक्त त्याची दुरवस्था झालेली असते. तो नीट केला तर फेरा पडूनही वेळ तेवढाच लागतो. हा पर्याय अंतरात मांडू नका, मिनिटांत मांडा. लोकांना दवाखाना किती मिनिटांवर आहे ते कळायला हवं असतं.

एवढं हाती आल्यावर ग्रामसभेत ठराव व्हावा, आणि तो गावानं करावा. त्यात 'रस्ता नको' हे शब्द नसावेत. 'अमुक नाल्यावर पूल हवा, सकाळ-संध्याकाळ बस हवी, आहे त्या रुंदीत दुरुस्ती हवी, आरपार जाणारी जड वाहनं नकोत' असा असावा. टिप्पर अंगणाजवळून जावेत असं कोणत्याही आईला वाटत नाही. हे वाक्य तुम्ही बोलू नका, त्यांनाच सुचू द्या, सुचतंच. असा ठराव जोडलेला अर्ज वन भवनात गेला की फाईलवरचा 'ग्रामस्थांची मागणी' हा शेरा डळमळतो. तुमच्या ऑनलाइन सह्यांनी ते होत नाही. पुण्या-बंगळुरूच्या चार हजार सह्यांपेक्षा त्या गावातल्या चाळीस सह्यांकडे अधिकारी जास्त गंभीरपणे पाहतो, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

पर्यायी आखणी सुचवताना विदर्भातला एक खड्डा सांभाळा. बाहेरून रस्ता न्यायचा म्हणजे बहुतेकदा झुडपी जंगलातून न्यावा लागतो. महसुली नोंदीतली ही जमीन मोकळी समजून लोक नकाशावर रेघ मारून मोकळे होतात. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये झुडपी जंगल ही वनजमीनच असल्याचं स्पष्ट केलं आहे, तेव्हा तिथंही वन कायद्याची मंजुरी लागणार. तुमचा पर्याय पहिल्याच बैठकीत 'इकडेही जंगलच आहे' म्हणून बाजूला पडायला नको. सातबारा पाहून, शक्यतो आधीच असलेल्या रस्त्याच्या रेषेवर तो सुचवा. आणि खर्चाची तुलना करताना वनजमिनीचं निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे जंगल गमावल्याबद्दल सरकारला भरायची रक्कम, धरलं आहे का ते बघा. अभयारण्यात ते नेहमीच्या पाचपट भरावं लागतं, राष्ट्रीय उद्यानात दहापट. २००८ पासूनचा हा सर्वोच्च न्यायालयाचा नियम आहे. 'आतला रस्ता स्वस्त' असं सांगणाऱ्या तक्त्यात हा आकडा गाळलेला असतो.

पुराव्याचं. प्राणी आहेत हे सिद्ध करायची गरज नाही, अभयारण्य आहे म्हणजे ते आहेतच. कोणत्या साखळीवर कोण ओलांडतं, हे दाखवायला हवं. रस्त्याचे शंभर-शंभर मीटरचे भाग पाडा, सकाळी लवकर, वाहनं सुरू व्हायच्या आत चालत जा, माग आणि विष्ठा नोंदवा, मोबाइलवर जागा आणि वेळ घ्या, फोटोत पट्टी ठेवा. उन्हाळ्यात पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटा दिसतात, पावसाळ्यात बेडूक आणि साप चिरडलेले मिळतात. दोन्ही ऋतूंची नोंद असेल तर उत्तम. सार्वजनिक रस्ता सोडून आत पाऊल टाकायचं तर परवानगी घ्या; नाहीतर अभयारण्य वाचवायला गेलेल्यांवरच गुन्हा दाखल होतो. वाघाच्या ठशाची जागा व्हॉट्सअॅपवर टाकू नका, ती फक्त अर्जाला जोडा.

डांबर पडल्यावर नेमकं काय होतं, हे तुम्हाला शब्दांत मांडता आलं पाहिजे. वेग वाढतो, हे पहिलं आणि सगळ्यात मोठं. मातीच्या रस्त्यावर गाडी ताशी वीस-पंचवीसनं जाते आणि चितळाला वेळ मिळतो. बाजूपट्टी साफ केली की पहिल्या पावसानंतर तिथं कोवळं गवत येतं, चितळ-सांबर नेमके तिथं चरायला येतात, आणि त्यांच्यामागं बाकीचे. रातवा पक्षी रात्री रस्त्यावर बसतो, दिव्यांच्या झोतात तो उठत नाही. उभ्या भिंतींच्या काँक्रीट गटारात लहान जनावरं पडून अडकतात. मुरमाबरोबर रायमुनिया (घाणेरी) आणि गाजरगवत आत येतं. महामार्गाचं उदाहरण हवं असेल तर आपल्याकडचंच आहे: बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातला 'बाजीराव' वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेनं मेला.

कोणीतरी तुम्हाला नक्की म्हणेल, 'पेंचसारखे अंडरपास करू की!' त्याचं उत्तर तयार ठेवा. नागपूर-जबलपूर महामार्गावर, मनसर ते खवासा पट्ट्यात, प्राण्यांसाठी ५० मीटरपासून ७५० मीटर लांबीपर्यंतच्या नऊ रचना आहेत. भारतीय वन्यजीव संस्थेनं २०१९ मध्ये कॅमेरे लावून पाहिलं तेव्हा वाघासह अठरा प्रजातींचे वन्यप्राणी त्यांखालून जाताना दिसले. म्हणजे त्या चालतात, हे प्रामाणिकपणे मान्य करा. पण तो देशाच्या उत्तर-दक्षिण जोडणीचा राष्ट्रीय महामार्ग होता. छिंदवाड्याकडून वळवण्याचा पर्याय मांडला गेला होता, तो स्वीकारला गेला नाही, आणि बरीच कोर्टकचेरी होऊन या रचना पदरात पडल्या. साडेआठ किलोमीटरच्या गावरस्त्यावर तसला खर्च कोणी करणार नाही. प्रस्तावात 'अंडरपास' म्हणून लिहिलेलं असतं ती नेहमीची नळमोरी असते. लांबी-उंची विचारा, लगेच कळतं. उपाययोजनांची चर्चा आखणीचा निर्णय झाल्यावर करायची असते. आधीच ती सुरू केलीत तर रस्ता तुम्ही मान्य केला असा अर्थ इतिवृत्तात लिहिला जातो.

कोर्टाबद्दल. जा, पण वकिलाला भेटायला आधी जा, दावा नंतर. बऱ्याच जणांचा समज असतो की पर्यावरण म्हणजे पुण्याचा हरित लवाद, पर्यावरणाच्या खटल्यांचं वेगळं न्यायालय. लवादाच्या कायद्याला जोडलेल्या यादीत वन कायदा आहे, वन्यजीव संरक्षण कायदा नाही. वनजमिनीच्या मंजुरीविरुद्ध तिथं अपील करता येतं, मुदत तीस दिवसांची आणि सबळ कारण असेल तर आणखी साठ. कलम २९ च्या भंगाचा मुद्दा मुख्य असेल तर नागपूर खंडपीठातच रिट किंवा जनहित याचिका. तिथं पहिला प्रश्न येईल: तुम्ही आधी कोणाकडे तक्रार केली होती? म्हणून रस्ता विभाग, उपवनसंरक्षक आणि मुख्य वन्यजीव रक्षक या तिघांना तारीखवार लेखी निवेदनं हवीत, पोच शिक्क्यासकट. न्यायालय अनामत रक्कम भरायला सांगू शकतं, त्याची तयारी ठेवा. आणि उशीर करू नका. निम्मी खडी पडल्यावर गेलात तर 'सार्वजनिक पैसा खर्च झाला आहे' हे वाक्य ऐकायला मिळतं, मग कायदा तुमच्या बाजूनं असला तरी. काम परवानगीशिवाय सुरू झालंच, तर यंत्रासमोर झोपू नका. सरकारी कामात अडथळा म्हणून तुमच्यावरच गुन्हा लागतो आणि गावात तुमची उरलीसुरली पत जाते. साखळी क्रमांकासह फोटो काढा, त्याच दिवशी उपवनसंरक्षकांना ईमेल आणि लेखी तक्रार द्या. अभयारण्यात बेकायदा काम थांबवण्याची जबाबदारी आणि अधिकार दोन्ही त्यांचे आहेत, आणि लेखी तक्रार फायलीला लागली की त्यांनाही गप्प बसणं परवडत नाही.

तर क्रम असा धरा: परिवेशवर शोध आणि माहिती अधिकाराचे अर्ज या आठवड्यात, कारण उत्तराला तीस दिवस जातात. ते तीस दिवस गावासाठी आणि चालत नोंदी घेण्यासाठी. कागद हाती आल्यावर निवेदन, त्याला ठराव आणि पर्यायाचा नकाशा जोडून. वकील मात्र समांतर, आजपासूनच. आमदारांना दुसऱ्यांदा भेटाल तेव्हा विरोधाचं पत्र घेऊन जाऊ नका, पुलाची आणि बसची मागणी घेऊन जा. त्यांना उद्घाटन करायला काहीतरी लागतं, आणि नाल्यावरच्या पुलाचंही उद्घाटन होतंच की.

अंदाजपत्रकाचं पहिलं पान, आडवा छेद आणि लीडचा तक्ता ही तीन पानं मिळाली की नावं झाकून मला पाठवा. रुंदी आणि थर बघून हा रस्ता गावाचा आहे की टिप्परचा, ते सांगतो.